दादरमार्गे देवयानी

हौशी खगोल-व्याख्याता म्हणजे दिवसभर बँकेत, कॉलेजात किंवा महापालिकेच्या पाणीखात्यात नोकरी करून संध्याकाळी विश्वाच्या उत्पत्तीबद्दल बोलणारा गृहस्थ. मुंबईत ही जात बऱ्यापैकी आढळते. त्याचे वास्तव्य डोंबिवली, बोरिवली, मुलुंड किंवा वाशी इथे असते आणि व्याख्यान मात्र दादरला, परळला नाहीतर गिरगावात असते. त्याचे श्रोतेही डोंबिवली, बोरिवली, मुलुंड आणि वाशीलाच राहतात. वक्ता आणि श्रोते एकाच गाडीने, कधी कधी एकाच डब्यातून, एकमेकांच्या पायावर पाय देत दादरला येतात, तिथे दीड तास समोरासमोर बसतात आणि पुन्हा एकाच गाडीने घरी जातात. परगावच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो. पण त्यामागे खगोलशास्त्राचाच एक नियम आहे.

दोन गोल एकमेकांभोवती फिरताना दिसतात तेव्हा खरे तर दोघेही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरत असतात. सूर्य आणि गुरू यांचा असा मध्य सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. म्हणजे तिथे ना सूर्य असतो, ना गुरू. मराठी मध्यमवर्गाचा गुरुत्वमध्य पूर्वी गिरगावात होता. पुढे चाळीतल्या खोल्या अपुऱ्या पडू लागल्या, थोरला पार्ल्याला गेला, धाकटा डोंबिवलीला गेला, आणि पश्चिम व मध्य अशा दोन रेल्वेंच्या ओढीत तो मध्य सरकत सरकत, दोन्ही रेल्वे जिथे भेटतात त्या दादरला येऊन थांबला. मंडळाच्या कार्यकारिणीतला एकही सभासद दादरला राहत नसला तरी कार्यक्रम दादरलाच होतो, तो या कारणाने. (दादरला जागा घेण्याची ऐपत असलेला माणूस अशा कार्यकारिणीत सहसा सापडत नाही, ही गोष्ट वेगळी.)

प्रवासाला सुरुवात फोनने होते. पलीकडे सचिव असतात. ‘‘सर, तुमच्या सोयीने कधीही या. फक्त शनिवार हवा, साडेसहाची वेळ हवी आणि हॉल आम्ही अठरा तारखेचा घेऊन ठेवलाय.’’ विषयाचेही तसेच. ‘‘विषय तुमच्या आवडीचा. पण कृष्णविवर घ्या. मागच्या खेपेला एकांनी धूमकेतू घेतले. लोक म्हणाले, छान झालं, पण कृष्णविवर राहिलं.’’ मानधनाचा उल्लेख फोनवर होत नाही. ‘‘बाकीचं भेटीत बोलूच,’’ या वाक्यात तो गृहीत धरायचा असतो.

तारीख काढणे हे मात्र गणिताचे काम आहे. जून ते सप्टेंबर मुंबईला आकाश नसते. व्याख्यान छताखाली होत असल्यामुळे कोणी त्याचे वाईट वाटून घेत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी, मुलांच्या परीक्षा आणि क्रिकेटचे सामने वजा केले की वर्षाकाठी मोजके शनिवार उरतात आणि त्यांतला एक हमखास संकष्टीवर पडतो. कृष्ण चतुर्थीचा चंद्र सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांनी उगवतो. नेमका कधी, ते कॅलेंडरात गावागणिक मिनिटासकट छापलेले असते. मुंबईत चंद्राची सर्वांत नियमित दखल दुर्बीणवाले घेत नाहीत, संकष्टीवाले घेतात. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, हा नियम वक्ता फळ्यावर आकृती काढून समजावतो. तिसऱ्या रांगेतल्या आजींना तो पोटातून ठाऊक असतो. नऊ वाजून चार मिनिटांचा चंद्रोदय असेल तर आठला त्या उठतात. मग वक्ता महास्फोटानंतरच्या तिसऱ्या मिनिटावर का असेना, त्यांचे मोदक थांबत नाहीत.

हीच मंडळी भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्राकडे पाहणे कटाक्षाने टाळतात. लालबागला त्या रात्री माणसांचा समुद्र उघड्या आकाशाखाली उभा असतो आणि त्यात एकाचीही मान वर नसते. आकाशदर्शनासाठी एवढा जमाव कुठल्याही मंडळाने आजवर गोळा केलेला नाही.

प्रवासाच्या सोयीच्या दृष्टीने मुंबईच्या इतिहासातला सर्वोत्तम दिवस १६ फेब्रुवारी १९८० हा होय. त्या दुपारी सूर्यग्रहण होते. खग्रासाचा पट्टा मुंबईच्या दक्षिणेला, कारवार-रायचूरच्या बाजूने गेला. मुंबईला खंडग्रासच होते. तरीही रस्ते ओस पडले आणि गाड्या रिकाम्या धावल्या. व्याख्यात्याला हव्या त्या गाडीत खिडकीची जागा मिळाली असती, पण श्रोते दारे-खिडक्या लावून घरात बसले होते.

एरवी जागा मिळत नाही. डोंबिवली ते दादर हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. प्रकाश ते एका सेकंदाच्या साडेसात हजाराव्या भागात कापतो, फास्ट लोकल पाऊण तासात, आणि शनिवारी संध्याकाळी ती वाटेत सिग्नलला उभी राहिली की किती वेळात, ते स्टेशन मास्तरलाही सांगता येत नाही. याचा एक फायदा आहे. प्रकाशवर्ष हे कालाचे नसून अंतराचे माप आहे, हे समजावताना इतर गावांत वक्त्याचा घसा सुकतो. मुंबईत सुकत नाही. इथे ‘‘ठाणे किती लांब?’’ या प्रश्नाला ‘‘वीस मिनिटं, फास्टने’’ असेच उत्तर मिळते आणि किलोमीटर कोणी विचारतही नाही. अभिजित तारा पंचवीस वर्षांवर आहे, प्रकाशाच्या गाडीने, असे म्हटले की सभागृह मान डोलावते. ती गाडी सगळीकडे फास्टच असते आणि मधल्या कुठल्या स्टेशनावर थांबत नाही, एवढेच वेगळे सांगावे लागते. त्यावर मागून कोणीतरी सुस्कारा टाकतो.

केवळ लॅपटॉप घेऊन निघणारा वक्ता सुखी म्हणायचा. पण सचिवांनी ‘‘जमलं तर दुर्बीण आणा, मुलांना बघायला’’ असे म्हटलेले असते, आणि सहा किंवा आठ इंची आरशाची दुर्बीण आकाराने गीझरएवढी असते. ती घेऊन साध्या डब्यात चढणे शक्य नसते, म्हणून वक्ता मालडब्यात शिरतो. तिथे फुलांची गाठोडी, मासळीच्या पाट्या आणि जेवणाचे डबे यांच्यामध्ये विज्ञानाला जागा करून दिली जाते. ‘‘तोफ हाय का?’’ या चौकशीपासून संभाषण सुरू होते. दुर्बीण आहे आणि हिच्यातून शनी दिसतो, हे कळले की पाटीवाल्या मावशी सावरून बसतात. ‘‘मग आमचा कधी उठतोय त्यो बघा की.’’ व्याख्यानानंतर जे प्रश्न येणार असतात त्यांची ही रंगीत तालीम समजावी. स्टेशनवरचे पोलीस मात्र नळीच्या दोन्ही टोकांतून पाहतात, आत काहीच नाही म्हणून चक्रावतात आणि ‘‘यात सामान कुठाय?’’ असे विचारतात. दुर्बिणीत सामान नसते, अंधार असतो, हे उत्तर दादरच्या पुलावर देऊ नये.

दादरला उतरणे हा स्वतंत्र विषय आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून या स्टेशनाचे फलाट सलग क्रमांकाने ओळखले जातात. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ नंबर झाला. सर्वसामान्य प्रवासी यावर रागावला. खगोलवाल्याला त्यात नवल वाटले नाही. त्याच्या व्यवसायात एकाच ताऱ्याला सगळ्यांनी आपापले नंबर दिलेले असतात. व्याध हा एका सूचीत एचडी ४८९१५, तर दुसरीत हिप ३२३४९ असतो, आणि वरून ‘अल्फा कॅनिस मेजॉरिस’ही असतो. तारा मात्र जागचा हलत नाही. सचिव अजूनही ‘‘एक नंबरच्या जिन्यापाशी उभा राहतो’’ असे सांगतात, वक्ता पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर उभा राहतो, आणि दोघे एकमेकांना फोनवरून ‘‘मी इथेच आहे’’ असे सांगत राहतात. दोघांचेही खरे असते. निर्देशांकपद्धती वेगळ्या असतात.

गिरगावात आणि परळला पत्ता शोधण्यासाठी इतिहास लागतो. ‘‘मॅजेस्टिक सिनेमाच्या बाजूची गल्ली’’ असे गिरगावकर सांगतो. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ जिथे लागला ते मॅजेस्टिक केव्हाच पाडले गेले. तिथे दुकानांची इमारत आहे. परळला ‘‘एल्फिन्स्टनला उतरा’’ असे सांगतात. त्या स्टेशनाच्या पाटीवर २०१८ पासून प्रभादेवी लिहिलेले आहे. पुढे ‘‘गिरणीच्या फाटकावरून डावीकडे’’. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली, आणि फाटकाच्या जागी काचेची कमान व पार्किंगचा दरवाजा आला. ‘आकाशात दिसणारे बरेच तारे केव्हाच मेलेले असतात, आपल्याला फक्त त्यांचा जुना प्रकाश दिसतो,’ हे वाक्य सभेत कोणीतरी म्हणतेच आणि वक्त्याला ते दर वेळी खोडून काढावे लागते. नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे फार तर काही हजार प्रकाशवर्षे दूर असतात आणि ताऱ्यांची आयुष्ये लाखो-कोट्यवधी वर्षांची असतात. त्यामुळे दिसणारे जवळजवळ सगळे तारे अजून जिवंत आहेत. मेलेल्या वस्तूच्या प्रकाशात वाट काढण्याचा अनुभव हवा असेल तर गिरगावात पत्ता विचारावा.

इतके करूनही वक्ता साडेसहाला पोहोचतो. सभागृहात तेव्हा खुर्च्या लावणारा मुलगा आणि पहिल्या रांगेतले एक सेवानिवृत्त गृहस्थ असतात. कार्यक्रम सात वाजून नऊ मिनिटांनी सुरू होतो. याला लोक ढिलाई म्हणतात. पण भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे, मुंबई त्रेहत्तर रेखांशाच्या जरा अलीकडे आहे, आणि एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या एकोणचाळीस मिनिटे मागे चालतो. मुंबईची स्वतःची वेळ होती, तिला ‘बॉम्बे टाइम’ म्हणत. १ जानेवारी १९०६ ला प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा गिरणी कामगारांनी तिच्याविरुद्ध काम बंद ठेवले. भोंगा एकोणचाळीस मिनिटे आधी वाजणार, म्हणजे अंधारात उठायचे, हे त्यांना पटले नाही. आणि सूर्याकडे पाहिले तर बरोबर त्यांचेच होते. महापालिकेने जुनी वेळ थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत चालवली. शहरात कितीतरी वर्षे एका रस्त्यावर दोन वेळा होत्या. साडेसहाचा कार्यक्रम सात वाजून नऊ मिनिटांनी सुरू करणारे सचिव घड्याळाला चुकत असतील, सूर्याला चुकत नाहीत. सव्वासातला सुरू झाल्यास मात्र ती ढिलाईच.

नंतर ईशस्तवन, दीपप्रज्वलन आणि परिचय. दीपप्रज्वलनात पंख्यामुळे समई पेटत नाही म्हणून पंखे बंद करतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते परत लावायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. परिचयाचा कागद वक्त्यानेच पाठवलेला असतो, तरी तो ऐकताना त्याला स्वतःबद्दल नवी माहिती मिळते. ‘‘आज आपल्याला लाभलेले सुप्रसिद्ध ज्योतिषी’’ हे शब्द आले की खगोलवाल्यांच्या अंगावर पाल पडते. इथे वाचकांनी सूत्रसंचालिकेची बाजूही पाहावी. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय खगोलगणिताचा जो थोर इतिहास लिहिला त्याचे नाव ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ असेच आहे. शब्द शंभर वर्षांत घसरला, त्याला त्या बाई काय करणार!

प्रोजेक्टर हा या संपूर्ण प्रवासातला सर्वांत अवघड टप्पा. वक्त्याच्या लॅपटॉपला एक तोंड असते, मंडळाच्या वायरीला दुसरे. मधला जोड कपाटात असतो. कपाटाची किल्ली खजिनदारांकडे असते आणि खजिनदार अंबरनाथला असतात. शेवटी कोणाचा तरी भाचा येतो आणि चित्र पडद्यावर उमटते. त्यात मराठी अक्षरांच्या जागी चौकोन असतात. खगोलाची चित्रे काळी असल्याने दिवे घालवावे लागतात. पण सभागृहाचे नियम सांभाळणारा शिपाई दारावरची ट्यूब घालवायला तयार नसतो. ‘‘काय झालं तर जबाबदार कोण?’’ या प्रश्नावर खगोलशास्त्राकडे उत्तर नाही. देवयानी दीर्घिका पंचवीस लाख प्रकाशवर्षे प्रवास करून येते आणि दारावरच्या ट्यूबमध्ये विरघळते. जे ठिपके शाबूत दिसतात ती प्रोजेक्टरच्या भिंगावरची धूळ असते. वक्त्याने एकदा त्यातल्या ठळक ठिपक्याला तारा म्हणून दाखवले की पुढच्या प्रत्येक चित्रात तो तारा त्याच जागी उगवतो, शनीवरही.

व्याख्यान किती वेळ असावे याचा निकाल दीक्षितांनी आधीच लावून ठेवला आहे. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे होते. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे दोन घटकांची मिनिटे अठ्ठेचाळीस. एकोणपन्नासाव्या मिनिटाला मागच्या रांगांत पिशव्यांची कुजबुज सुरू होते, कारण नऊच्या आत गाडी धरली नाही तर पुढचा हिशेब कोलमडतो. पंचावन्नाव्या मिनिटाला सचिव चिठ्ठी आणून ठेवतात. तीवर ‘छान चालले आहे’ असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ आटोपा असा असतो.

प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न प्रश्न नसतो. पहिल्या रांगेतले सेवानिवृत्त गृहस्थ उठतात, आइन्स्टाइनचे काय चुकले ते सात मिनिटे सांगतात आणि स्वखर्चाने छापलेली पुस्तिका वक्त्याच्या हातात देतात. दुसरा प्रश्न प्लूटोचा. प्राग शहरी २४ ऑगस्ट २००६ रोजी खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याला ग्रहपदावरून काढले, ही गोष्ट दादरकरांनी अजून मनावर घेतलेली आहे; एखाद्या सरळमार्गी कारकुनाला विनाकारण पदावनत केल्यासारखे ते त्याच्याविषयी बोलतात. तिसरा प्रश्न साडेसातीचा. त्यावर चिडणारा वक्ता नवशिका समजावा. जुना वक्ता शांतपणे सांगतो की शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्याचा बारावा भाग सुमारे अडीच वर्षे, तीन राशींची साडेसात. आकडा खगोलाचा आहे, फक्त भीती बाहेरून आणून जोडलेली आहे. लोक टाळ्या वाजवतात आणि बाहेर आल्यावर एकेकटे गाठून आपापली रास सांगतात.

खरे प्रश्न मुलांचे असतात आणि तेव्हा वेळ संपलेली असते. विश्व फुगते तर कशाच्या आत फुगते, हे विचारायला सातवीतली मुलगी हात वर करते आणि सूत्रसंचालिका ‘‘उरलेले प्रश्न चहापानानंतर’’ असे जाहीर करतात. जयंत नारळीकरांनी यावर एक तोड काढली होती. सही मागायला आलेल्या मुलांना ते सही देत नसत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून परत धाडत. पोस्टकार्डाला दादरला गाडी बदलावी लागत नसल्याने ही पद्धत सर्वांनाच सोयीची होती.

शेवटी शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकीट गाडीत उघडायचे असते. मंडळाने ते रिक्षाभाडे वजा न करता दिलेले असले तर मंडळ सुस्थितीत आहे असे समजावे. नारळामुळे परतीच्या प्रवासात लॅपटॉपवर पोचे येतात.

मग दुर्बीण. मुलांना आकाश दाखवायचे म्हणून ती गच्चीवर चढवलेली असते. तिथून गुरू, शुक्र, व्याध आणि विमाने दिसतात. मुले विमानांवर खूश असतात. मुंबईतून आकाश बाहेर जायला सुरुवात होऊन बराच काळ झाला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा बांधली, तिथे केरूनाना छत्र्यांनी उमेदवारी केली, तिथल्याच चुंबकीय नोंदवह्यांत सप्टेंबर १८५९ चे प्रचंड सौरवादळ टिपले गेले. पुढे ट्राम विजेवर चालवायचे ठरले. विजेच्या ट्रामने चुंबकसूची थरथरणार, म्हणून १९०४ च्या सुमारास चुंबकीय उपकरणे समुद्रापलीकडे अलिबागला हलवण्यात आली. ट्रामही गेल्या, उपकरणे मात्र परत आली नाहीत. वरळीला नेहरू तारांगण १९७७ मध्ये उघडले. त्याच्या घुमटाखाली आकाश बारमाही निरभ्र असते. बाहेर अॅनी बेझंट रोडवर आले की एखाददुसरा तारा उरतो.

म्हणून हॅलीच्या धूमकेतूच्या सुमारास सुरू झालेले, शीवच्या साधना विद्यालयात जमणारे खगोल मंडळ लोकांना रात्रभराच्या आकाशदर्शनासाठी कर्जत लाइनवर वांगणीला नेऊ लागले. तिथे ना परिचय, ना प्रोजेक्टर, ना दारावरची ट्यूब. जाणाऱ्याने अमावास्येच्या जवळचा शनिवार पाहावा, हिवाळ्यात जावे, परतीचे तिकीट आधीच काढावे. सोबत चटई, कानटोपी आणि थर्मास असावा. आणि टॉर्चला कृपया लाल जिलेटीन कागद लावावा. मोबाइल खिशात ठेवला तर उपकार होतील.